मूठभर मीठ आणि सरहद्दीचा नाका

आमच्या मधूनं मोम्बासाहून कळवलं आहे, की बंदरावर उतरताना तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं त्याला एक ठरीव प्रश्न विचारला: तुम्हाला पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? मधू म्हणाला, "मला नाही, पण माझी आजी बरीच वर्षं ठाण्याच्या तुरुंगात होती." अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. खुलासा होईपर्यंत मागची सगळी रांग उन्हात ताटकळली, आणि इंदूनं, म्हणजे मधूच्या धाकट्या बहिणीनं, भावाच्या वतीनं सगळ्यांची माफी मागितली. मधूला हा विनोद फार आवडलेला दिसतो. इंदूनं खाली एक ओळ जोडली आहे: "आजी, शिक्षा झालेल्या माणसाला खरंच सरहद्दीवर अडवतात का गं?"

या अंकाचे संपादकही तुरुंगातल्या आठवणी लिहा म्हणून गेली दोन वर्षं माझ्यामागं लागले आहेत. तेव्हा दोघांचं उत्तर एकदमच देते. मुलांनो, तुम्ही हे तिकडं मोठ्यानं वाचा. आणि मधूनं मध्ये बोलू नये.

मी तुरुंगात होते ती कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून. बायकांच्या बराकीची मी मेट्रन होते. राणीचं राज्य होतं. ठाण्याच्या खाडीत अजून गलबतं येत, आणि नौपाड्यात आमच्या घरामागं भाताची शेतं होती. माझे वडील कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांनी मला भावांच्या बरोबरीनं इंग्रजी शिकवलं, त्याबद्दल आळीनं त्यांना नावं ठेवली. पुढं पदरात वर्षाचं मूल असताना मी विधवा झाले. ते मूल म्हणजे तुमचे बाबा. तुरुंगाच्या साहेबांना इंग्रजी लिहिता-वाचता येणारी बाई हवी आहे, असं वडिलांच्या कानावर आलं आणि ते मला घेऊन गेले. आळीनं पुन्हा नावं ठेवली. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "बायका शिकून बिघडतात हे ऐकून होते. पण शिकून थेट तुरुंगात जातात हे नवीनच."

तुरुंग म्हटलं की लोकांना वाटतं आत सगळे खुनी आणि दरोडेखोर. बायकांच्या बराकीत तसं नव्हतं. माझ्याकडं यायच्या त्या मिठापायी, मोहाच्या दारूपायी, सरकारी जंगलातल्या लाकडापायी, नाहीतर बाजारातल्या मारामारीपायी. काही आठवड्यांसाठी यायच्या, दळण दळायच्या, धान्य निवडायच्या, गोधड्या शिवायच्या आणि जायच्या. सकाळी मोजून बाहेर काढायच्या, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. बाकी सगळं घर चालवण्यासारखंच, फक्त घरातल्या सगळ्या सुना परक्या आणि एकीलाही माहेरी जाता येत नाही.

या कामात सगळ्यात नाजूक भाग झडतीचा. बाई आत आली की तिची झडती घ्यावी लागे: केस, कनवट, काष्टा, सगळं. माझ्या आधीची बाई सरळ अंगाला हात घाली आणि रोज एकदा तरी चावून घेई. मी वेगळी रीत पाडली. नवी बाई समोर उभी राहिली की आधी मी माझा स्वतःचा पदर सोडून झाडून दाखवायची, कनवट उलटी करायची, दोन्ही तळवे पुढं धरायची. माझ्याजवळ काही नाही, तुझ्या अंगावर मी काही टाकणार नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहायचं. मग मी गप्प उभी राहायची. बहुतेक बायका आपणहूनच सगळं काढून दाखवत. पहारेकरी हसायचे. पण माझ्या बराकीत चावाचावी बंद झाली, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

दुसरी रीत सुटकेच्या वेळची. मी प्रत्येकीला फाटकापर्यंत पोचवायला जायची आणि तेच तेच सांगायची: "कुणी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर सांगत फिरू नकोस. आणि पुन्हा भेटायचं झालं तर बाजारात भेट."

हे शेवटचं वाक्य कल्याणच्या भिवरानं फारच मनावर घेतलं. ही भाजीवाली. बाजाराच्या ठेकेदाराच्या माणसाला तिनं वजनाचा दगड फेकून मारला होता. ती सुटल्यावर मी कधी कल्याणला लग्नकार्याला गेले, की ही सबंध बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायची, "अगं बायांनो, सरका, माझ्या तुरुंगातल्या बाई आल्या." बरोबरच्या नातेवाइकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं पुढं मी तिच्याचकडून वांगी घ्यायला लागले.

सगळ्याच अशा नव्हत्या. मुरबाडकडच्या रानातली एक कातकरी पोर मोहाच्या दारूसाठी आली होती. भिंत ही वस्तूच तिला ठाऊक नव्हती. दिवसभर अंगणाच्या मधोमध, भिंतींपासून जमेल तितकी लांब बसायची. मी पदर झाडून दाखवला, गोड बोलले, दटावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. सुटली त्या दिवशी माझी वाक्यं ऐकायला ती थांबलीसुद्धा नाही, फाटकातून जी धावली ती रस्त्याचं वळण संपेपर्यंत धावत होती. तिच्यासाठी मला काही करता आलं नाही, ही रुखरुख राहिली आहे.

आता मारीबाय.

मारीबाय खाडीकाठच्या कोळीवाड्यातली किरिस्तांव बाई. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, आवाज वल्हं मारणाऱ्यांना पैलतीरावरून बोलावण्यासाठी घडवलेला. नवरा समुद्रात बुडून गेलेला, घरात एकुलता मुलगा आंतोन. त्या काळी मिठावर सरकारचा कर असे. मिठागरातलं सोडाच, खाडीच्या काठावर उन्हानं आपोआप पांढरं झालेलं मीठ खरवडून घेणं हादेखील गुन्हा. एकदा मासळी अवेळी आणि भरपूर आली, घरात मीठ नव्हतं, तेव्हा हिनं काठावरचं मीठ खरवडून मासळीला लावलं आणि ती पकडली गेली. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, मीठ घेतलंस का? ही म्हणाली, "घेतला. मासली नासाय लागली व्हती, तुना विचाराय याला येल नव्हता." मॅजिस्ट्रेटला 'तू' म्हटल्याबद्दल कोर्टात हशा झाला. तिच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू'. मलाही पहिल्या दिवसापासून 'तू'च. आमचा हवालदार तिच्यावर खेकसला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "देवाला काय म्हंतस? तू. मग ही बाय देवापरीस मोठी हाय काय?"

ती आत असताना आंतोनला बघायला कुणी नव्हतं. गावच्या पाद्रींनी त्याला चर्चच्या घरात नेऊन ठेवलं. घंटेची दोरी ओढायची, मेणबत्त्या लावायच्या, मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना पाद्रींना लॅटिनमध्ये उत्तरं द्यायची, असं करता करता पोर तिथं रमलं. आई सुटून आली तरी त्याचा जीव तिकडंच. पुढं पाद्रींनी त्याला शिकवलं आणि गोव्याच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री होण्याच्या शाळेत, धाडलं.

मारीबाय दर नाताळात तुरुंगाच्या फाटकावर माझ्यासाठी नेवऱ्या, त्यांच्याकडच्या करंज्या, घेऊन यायची. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणायची, "मना इचारतस? मी हिथं ऱ्हायलंय. तू तवा नव्हतास." अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी ती फाटकावर न येता नौपाड्यात माझ्या घरी आली आणि ओटीच्या पायरीवर गप्प बसली. ती गप्प म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

"बाय, तुझ्याजवल तो कागद असंल ना?"

"कसला कागद?"

"शिक्षा फिटली त्याचा. सायबाच्या सहीचा."

असा कागद नसतो, शिक्षा भोगली की संपली, असं मी सांगितलं. ती पदराचं टोक पिळत राहिली. मग एकेक बाहेर आलं. आंतोनला पाद्री करणार होते. तो विधी गोव्यात, फिरंग्यांच्या मुलखात, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पहिली मिसा. पहिल्या मिसाला आईनं हजर असायचं असतं. आणि तिचा चुलत दीर पेदरू सांगत होता, की फिरंग्यांच्या नाक्यावर तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला पुढं सोडत नाहीत.

"त्यांना कळणार कसं?" मी विचारलं.

"पेदरू बोलतो, घामाच्या वासावरून."

"पेदरू स्वतः कुठवर गेलाय?"

"भिवंडीपरत."

मी हसले, पण ती हसली नाही. "मना फिरवला तरी चालंल गो. पन लोकांसमोर फिरवला तर? त्याच्याबरोबरची पोरां बोलतील, याची आय चोरटी. आजच तो पाद्री झाला आन आजच त्याचा नाव खराब. त्यापरीस मी नाय गेले तर?"

खरं सांगायचं तर पलीकडं काय विचारतात हे मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आताच्यासारखी फोटो चिकटवलेली पासपोर्टाची पुस्तकं नव्हती. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडं असा काही नियम नाही. पोर्तुगीजांचं मी सांगू शकत नाही. मात्र परत येताना आपल्याच नाक्यावर मिठाची फार कडक तपासणी होते. गोव्यात मीठ स्वस्त, आणि ते चोरून इकडं आणायचा धंदाच झाला आहे. या बाईला मिठापायी एकदा शिक्षा झालेली. पुन्हा सापडली तर मात्र कोणी गय करणार नाही. मग मी रजा मागितली तेव्हा साहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "इतक्या वर्षांत पहिली रजा," ते म्हणाले, "आणि ती दुसरं एक कुंपण बघायला?"

कल्याणला आम्ही गाडीत बसलो. कागद नव्हता, म्हणून कागदाच्या ऐवजी मीच. निघण्याआधी मी तिचं गाठोडं उलगडून पाहिलं. लुगडी, जपमाळ, आणि खारवलेल्या मासळीची एक टोपली, आंतोनसाठी. पुणं गेलं, बेळगावचा मुलूख गेला, आणि घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉक स्टेशनात आपली हद्द संपली. तिथून गाडी घाट उतरते. दऱ्या, धबधबे, बोगदे. डब्यातली माणसं खिडक्यांना लागली होती. मारीबाय डोळे मिटून जपमाळ ओढत होती. मी तिला बजावलं, "विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर सांगू नकोस. आठवतंय ना?" तिनं मान हलवली.

खालच्या नाक्यावर पोर्तुगीजांचा शिपाई डब्यात चढला. मिशा पोर्तुगीज, पण माणूस आपल्यासारखाच सावळा, बोली कोंकणी. टोपलीकडं बोट दाखवून त्यानं एवढंच विचारलं, "हांतूंत कितें आसा?" यात काय आहे?

मारीबाय उठून उभी राहिली. "मासली हाय. आन मी ठान्याच्या तुरुंगात व्हते. मीठ घेतलेला. शिक्षा फिटलीय. ही बाय तुरुंगातली, तिला विचार."

मी कपाळाला हात लावला. सगळा डबा वळून आमच्याकडं बघायला लागला. शिपाई एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, कुठं निघालात? ती म्हणाली, "लेकाच्या मिसाला. पयल्या."

शिपायानं टोपी काढली. "पाद्रीची आवय," तो डब्यातल्या लोकांना म्हणाला, जणू आता सगळा उलगडा झाला. आणि तिच्यापुढं वाकून त्यानं तिच्याकडं बेसांव मागितलं. बेसांव म्हणजे आशीर्वाद. तिनं दिला. तो उतरून गेल्यावर मी तिला म्हटलं, "मारी, तुला मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, "त्याच्या डोल्यात होता गो प्रश्न." आणि मग टोपली मांडीवर घेऊन, पोर्तुगीजांच्या मुलखात शिरल्यावर, ती ठाण्यापासून पहिल्यांदाच हसली.

विधीचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण त्यातलं अर्धं लॅटिनमध्ये होतं आणि मी शेवटच्या बाकावर, वहाणा हातात घेऊन बसले होते. बिशपांनी आंतोनच्या दोन्ही तळव्यांना पवित्र तेल लावलं आणि ते हात पांढऱ्या तागाच्या पट्टीनं बांधले. त्यांच्यात अशी चाल आहे, की ती तेलाची पट्टी नवा पाद्री आपल्या आईला देतो. ती आई जन्मभर ती जपते, आणि मरते तेव्हा तिच्या हातांना तीच पट्टी बांधून तिला पुरतात. वर गेल्यावर दारावर विचारलं, की तू कोण, तर तिनं हात पुढं करायचे.

दुसऱ्या दिवशी मिसा झाली आणि लोक नव्या पाद्रीच्या हाताचं चुंबन घ्यायला रांगेत उभे राहिले. मारीबाय रांगेत शेवटी उभी होती. आंतोननं रांग मोडली, तिच्याकडं आला आणि भर चर्चमध्ये आधी तिच्या पायांना हात लावला. मग दोघं कोपऱ्यात काहीतरी बोलली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण पाठ दिसत होती. इतकी ताठ पाठ मी पुन्हा पाहिली नाही.

परतताना मी तिचं गाठोडं तपासलं नाही. पाद्रीच्या आईचं गाठोडं काय तपासायचं, असं वाटलं.

कॅसल रॉकला गाडी थांबली. आपला मुलूख, आपलं सरकार, मी निश्चिंत. सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं. पुरुषांची तपासणी एकीकडं सुरू झाली आणि एक शिपाई बायकांच्या अंगावरची गाठोडी काठीनं ढोसायला लागला. झडती घेणारी बाई त्या दिवशी आजारी होती. एका म्हातारीच्या कमरेला त्याची काठी लागली तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी नाक्याच्या इन्स्पेक्टरांपुढं जाऊन इंग्रजीत म्हटलं, की बायकांची झडती बायकांनीच घ्यायची असा सरकारचाच नियम आहे आणि मी स्वतः तुरुंगाची मेट्रन आहे.

इन्स्पेक्टर बेळगावकडचे, काळा कोट, पागोटं, बोलायला मृदू. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "बाई, आपण म्हणता ते बरोबर आहे," ते मराठीत म्हणाले. "तर मग आपणच घ्या. आपण सरकारच्या नोकर, आपला शब्द मी प्रमाण मानीन."

मी तयारच होते. स्टेशनाच्या एका खोलीत बायकांना घेतलं, दार लावलं, आणि रीतीप्रमाणं आधी माझा पदर सोडून झाडला, कनवट उलटी केली, तळवे पुढं धरले. एकेक बाई पुढं येऊन दाखवून गेली. कुणाकडं काजू, कुणाकडं विड्या. शेवटी मारीबाय. ती जागची हलली नाही. तिचा चेहरा बघून मला कळलं.

तिनं कमरेचं गाठोडं सोडलं. आत तीच तागाची पांढरी पट्टी होती, तेलाचे डाग असलेली, आणि तिच्यात बांधलेलं मूठभर मीठ.

"मारी, हे काय?"

"आंतोनना दिला. त्याच्या हातचा, मंतरलेला. पयला मंतर त्याना मिठावर घातला, बाय. मना बोलला, आये, या मिठापायी तू तुरुंगात गेलीस आन या मिठापायी मी हिथवर आलो. हा घरात ठेव."

चर्चमध्ये पवित्र पाणी करताना त्यात मंतरलेलं मीठ घालतात. आंतोनला लॅटिन येत होतं, देवाचे कायदे येत होते. मिठाचा कायदा त्याला कुणी शिकवला नव्हता.

"तुला ठाऊक होतं ना, हे नेता येत नाही?"

"ठाऊक व्हता," ती म्हणाली. "त्याला कसा बोलू गो, तुझा मीठ मना नको?"

बाहेर इन्स्पेक्टर थांबले होते. काही सापडलं नाही, एवढे तीन शब्द मी बोलले असते तर गाडी सुटली असती. सापडलं म्हटलं असतं तर तिथून बेळगावचं कोर्ट, दुसरी शिक्षा, आणि आठ दिवसांत गावभर: नव्या पाद्रीची आई पुन्हा मिठाच्या चोरीत धरली. मी इतकी वर्षं सरकारचा पगार घेत होते. बाहेर एक भला माणूस माझा शब्द प्रमाण मानायला तयार होता. आणि समोर ही. पायांखालची फरशी मला अजून आठवते, शहाबादी, एका कोपऱ्यात फुटलेली. मी त्या फरशीकडंच बघत होते.

मारीबायनं पट्टीची गाठ परत बांधली. "तू काय बोलू नको," ती म्हणाली. "तू पदर झाडलास, तुझ्याजवल काय नाय. आता माझी पाली. दार उघड."

दार मी उघडलं. ती सरळ इन्स्पेक्टरांपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांवर ती गाठ पुढं धरली.

"मीठ हाय. लेकाना दिला, तो पाद्री हाय. ह्याच्या आधी पन मना मिठापायी शिक्षा झालीय, ठान्याला. आता लिव काय लिवाचा ता."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "ही म्हणते ते खरं?"

"अक्षर न् अक्षर खरं," मी म्हटलं. "शिक्षेच्या वेळी ही माझ्याच बराकीत होती. आणि झडतीत हे मला सापडलेलं नाही. मी हात लावायच्या आधी हिनं आपणहून दाखवलं."

त्यांच्या मागं शिपायांचा वयस्क जमादार उभा होता, वेंगुर्ल्याकडचा असावा. तो हळूच म्हणाला, "साहेब, लपवलंन ता चोरी. दाखवलंन ता जकात."

"मिठाची जकात घेऊन सोडायचा मला अधिकार नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण आपणहून दाखवलेल्या मुठीसाठी खटला भरायलाही मला कुणी सांगितलेलं नाही. बाई, हे मीठ नाक्यापुढं जाणार नाही. इथंच टाका आणि गाडीत बसा."

आता मला वाटलं सुटलो. पण मारीबाय हलेना. "टाकाचा नाय," ती म्हणाली. "मंतरलेला हाय. पायाखाली कसा टाकू? परत तुरुंगात धाड, पन टाकाया सांगू नको."

गाडीनं शिट्टी दिली. इन्स्पेक्टर कपाळ पुसायला लागले. त्यांच्यापुढं नियम होता आणि हिच्यापुढं देव, आणि दोघंही मागं सरकायला तयार नव्हते. पुन्हा जमादारच पुढं आला. "टाकू नको गे बाये," तो म्हणाला. "मीठ टाकूच नये. खावन टाक. पोटात गेलेल्याची झडती कोण घेता?"

इन्स्पेक्टरांनी तोंड दुसरीकडं वळवलं. ते हसले असावेत, पण शपथेवर सांगणार नाही.

मग मारीबायनं तिथं, फलाटावर, गाठ सोडली. पहिली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली. दुसरी माझ्या. त्यांच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या जिभेवर मिठाचे कण ठेवतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ब्राह्मणाघरची विधवा फलाटावर उभी राहून तोंड उघडून तयार होते. आत्याबाई तेव्हा हयात नव्हत्या, हे बरंच. मग डब्यातल्या बायका आल्या, किरिस्तांव आणि हिंदू, एकेक चिमूट घेऊन गेल्या. जमादारानं पागडी काढून जीभ पुढं केली. काठीनं ढोसणारा शिपाई लांब उभा होता, त्याला तिनं हाक मारून बोलावलं, "ये रं, तू पन ये." एवढ्यानं मूठ संपेना. फलाटाच्या टोकाला शिपायांची डाळ शिजत होती. उरलेलं मीठ तिनं त्या सरकारी हंड्यात घातलं आणि वर क्रूस काढला. डाळ खारट झाली असणार, पण तक्रार आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पट्टी मात्र तिनं घडी घालून पदरात बांधली. तिला कुणीच हरकत घेतली नाही.

गाडी सुटल्यावर मी विचारलं, "आंतोननं विचारलं तर काय सांगशील? मीठ कुठं गेलं?"

"खरा सांगीन," ती म्हणाली. "बोलीन, पोरा, पयला परसाद सरकारना खाल्ला."

फादर आंतोन पुढं आपल्याच भागात आले आणि पुष्कळ वर्षं लोकांना हवेसे वाटले. 'चोरटीचा मुलगा' असं त्यांना कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. म्हणण्याची सोयच राहिली नव्हती. मारीबायनं ती सगळी गोष्ट स्वतःच कोळीवाड्यात इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं सांगितली, की गुपचूप कुजबुजायला काही उरलंच नाही. प्रत्येक वेळी जमादाराची पागडी थोडी मोठी होत गेली एवढंच. न विचारता सांगू नये हा माझा नियम तिनं कधी पाळला नाही. पेदरूलाही तिनं सांगितलं, की घामाच्या वासाचं काही खरं नाही. तो म्हणाला, गोव्याचे नसतील हुंगत, दमणचे हुंगतात.

मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्याच्या शेवटी मारीबाय वारली. मी कोळीवाड्यात गेले. फादर आंतोननी स्वतः आईच्या हातांना ती तागाची पट्टी बांधली. इतक्या वर्षांत ती पिवळी पडली होती. तेलाचे डाग तसेच होते. मी जवळ जाऊन पाहिलं, सवय जात नाही. शिवणीच्या आत, जिथं गाठ होती तिथं, दोन-चार पांढरे कण अडकून राहिले होते. फादरनीही ते पाहिले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, हे काढू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. विचारतील तेव्हा ती सांगेल."

तर इंदू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आणि मधू, पुढच्या खेपेला तो अधिकारी विचारील तेव्हा त्याला सांग, की माझ्या आजीच्या तुरुंगातून सुटलेल्या एका बाईनं सरहद्द दोनदा ओलांडली, आणि दोन्ही वेळा नाक्यावरच्या माणसांनी तिच्यापुढं डोक्यावरचं काढलं.